‘पार्टनर’ या शब्दाची झडती

ताडकळसला (ता. पूर्णा, जि. परभणी) आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी मुलीकडची माणसे घर पाहायला आली होती. मध्ये दोन शिकलेली माणसे असली की बोलणी नीट होतात, या समजुतीने त्याच्या आईने आम्हालाही बोलावून घेतले होते. विद्यार्थी मराठी घेऊन एम.ए. झालेला, घरची कोरडवाहू तीन एकर, गेली चार वर्षे पुण्यात. मुलगा काय करतो, हा प्रश्न येणारच होता. आई म्हणाली, “पुन्याला पार्टनर हाय. हाटेलातलं जेवन घरोघर पोचवायची कंपनी हाय, तिच्यात.” माउली खोटे बोलत नव्हती. मुलाच्या मोबाइलमध्ये त्याच्या नावापुढे तोच शब्द होता आणि त्यानेच तो तिला वाचून दाखवला होता. मुलीचे मामा अडतीवर हिशेब लिहिणारे गृहस्थ. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि सरळ विचारले, “किती आन्याचा पार्टनर?”

ओसरीत कोणी बोलेना. विद्यार्थ्याने आमच्याकडे पाहिले. ज्यांचा चरितार्थ शब्दांचे अर्थ सांगण्यावर चालतो ते आम्ही पोह्यांच्या बशीकडे पाहत राहिलो.

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक आहोत, तिघेही चाळिशी ओलांडलेले. आमच्यातला एक कायम नोकरीत आहे आणि दोघे तासिका तत्त्वावर शिकवतात. हा तपशील पुढे उपयोगी पडेल म्हणून आधीच नोंदवून ठेवतो. त्या दिवशी मामांना जे उत्तर आम्ही दिले नाही, ते येथे लिहिण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ‘पार्टनर’ हा शब्द खोटा आहे. तो खोटा आहे हे ओळखणे हे भाषेच्या शिक्षकांचे काम होते. आणि ते आम्ही केले नाही, याचे कारण तसलेच शब्द आमच्या स्वतःच्या घरात वापरात आहेत.

*

मामांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ताडकळसच्या पंचक्रोशीत भागीदारी ही नेमका अर्थ असलेली गोष्ट आहे. बटईने शेत केले तर जमीन मालकाची, कष्ट बटईदाराचे, बी-खताचा खर्च ठरल्याप्रमाणे वाटून घेतलेला. रास झाली की माप दोघांच्या समोर होते. पाऊस दगा देऊन गेला तर दोघांचेही जाते. दोघांनी मिळून मळणीयंत्र घेतले तर डिझेल किती, दुरुस्ती किती, कोणाच्या खळ्यावर किती पोती झाली, याची वही असते आणि ती दोघांपैकी कोणीही केव्हाही उघडू शकतो. हिस्सा ठरलेला, हिशेब उघडा आणि निर्णयात शब्द, या तीन गोष्टी असल्या तर तो भागीदार. ‘किती आण्याचा’ या दोन शब्दांत मामांनी या तिन्ही गोष्टी एकदम विचारल्या होत्या.

आता आमचा विद्यार्थी या कसोटीवर लावून पाहू. मोटारसायकल त्याची, तिचा हप्ता त्याचा. पेट्रोल त्याचे, मोबाइल आणि त्यातला डेटा त्याचा. पावसात भिजणारे आणि सिग्नलवर धूर पिणारे शरीर अर्थातच त्याचे. म्हणजे खर्चाच्या बाजूला तो पक्का भागीदार आहे. हिश्श्याच्या बाजूला काय आहे? दर ऑर्डरमागे अंतराप्रमाणे काही रुपये. हॉटेलच्या दारात पार्सलची वाट पाहण्यात गेलेल्या वेळाला जवळपास किंमत नाही. ठरावीक संख्या गाठली तर इन्सेंटिव्ह. एका ऑर्डरने हुकली तर तो गेला. हा दर कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि मागच्या आठवड्यात होता तो या आठवड्यात का बदलला, हे विचारण्याची जागा नाही. वही आहे, पण ती फक्त दुसऱ्या भागीदाराला दिसते.

बटईदार राहू द्या, सालगड्याशी तुलना करू. सालगड्याचे जिणे सुखाचे आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पाडव्याला त्याचे साल ठरते. धान्य किती, रोख किती, यावर घासाघीस होते आणि ठरलेला आकडा वर्षभर टिकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला आमच्या मराठवाड्यात ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव देणारा हा शब्द क्रूर आहे, पण निदान प्रामाणिक आहे. मुकादमाची उचल घेतली की आपण बांधले गेलो, हे त्या जोडप्याला ठाऊक असते. तुम्ही माझे भागीदार आहात, असे मुकादम त्यांना सांगत नाही. शिवाय मुकादमाला तोंड असते. त्याच्या दारात जाऊन भांडता येते.

खरे भागीदार पाहायचे असतील तर तेही आपल्याच भाषेत आहेत. जेवणाचे डबे पोचवणारे मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झाले, असे सांगतात. मावळ-जुन्नरकडच्या या माणसांच्या टोळ्या असतात. टोळीची कमाई एकत्र होते, खर्च वजा होतो आणि उरलेले सभासद वाटून घेतात. गिऱ्हाईक कोणाचे, मार्ग कोणाचा, नवा माणूस घ्यायचा की नाही, हे टोळी ठरवते. डबेवाल्याला मामांनी ‘किती आण्याचा’ विचारले असते तर त्याने उत्तर दिले असते. काम तेच, अन्न पोचवण्याचे. तेव्हा दोष कामात नाही, तंत्रज्ञानातही नाही. एका नात्याला दुसऱ्याच नात्याचे नाव दिले आहे, तक्रार तेथे आहे.

*

यावर विद्वान सहकारी म्हणतील, हा कामगार खात्याचा विषय झाला. साहित्याच्या अभ्यासकांनी यात का पडावे? आम्हाला उलट विचारायचे आहे. दुसऱ्याने बहाल केलेले ‘हरिजन’ हे गोड नाव नाकारून ‘दलित’ हा शब्द आग्रहाने पुढे आणला गेला, तो फक्त समाजकल्याण खात्याचा विषय होता काय? आमच्या साहित्याचा अर्धा नकाशा त्या एका नकाराने बदलला, असे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. गौरवाचे नाव हे हक्क नाकारण्याचे साधन असू शकते, हा धडा मराठीइतका दुसऱ्या कोणत्या भाषेने गिरवला असेल? मग तोच धडा ‘पार्टनर’समोर आम्हाला का आठवत नाही?

कारण आमच्या अभ्यासक्रमात श्रम हा इतिहासाचा भाग झाला आहे. नारायण सुर्व्यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ चे, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चे. त्यांवर आम्ही दहा गुणांचा प्रश्न विचारतो. विद्यार्थी सामाजिक जाणीव, बोलीचा वापर, आशावाद अशी पाठ केलेली तीन उपशीर्षके देऊन उत्तर लिहितो आणि निकाल लागला की पूर्णा जंक्शनवरून पुण्याची गाडी पकडतो. आमच्या लेखी कामगार म्हणजे गिरणी कामगार, आणि गिरणी कामगार १९८२ च्या संपात संपला. त्यापुढे ‘जागतिकीकरण आणि मराठी कविता’ हे चर्चासत्र सुरू होते. त्यात ‘बाजार’ हा शब्द शेकडो वेळा उच्चारला जातो, पण दुपारचे पार्सल घेऊन जिना चढून आलेला माणूस कोणत्या गावचा, हे कोणी विचारत नाही. तो आमच्याच विद्यापीठाचा पदवीधर असू शकतो, हा विचार तर मनाला शिवतही नाही.

जो इतिहास आम्ही शिकवतो, तोही अर्धाच शिकवतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. ‘दीनबंधू’चे संपादक म्हणून त्यांचे नाव नियतकालिकांच्या इतिहासात येते. १८९० साली गिरणी मालकांना रविवारची साप्ताहिक सुटी मान्य करावी लागली, ती त्यांच्या चळवळीमुळे. आज आपण सर्वजण तो रविवार उपभोगतो. रविवारी रात्री स्वयंपाकाचा कंटाळा येतो, आपण मोबाइल उघडतो. आमचा विद्यार्थी सांगतो की, सर्वाधिक ऑर्डरी शनिवार-रविवारी असतात आणि इन्सेंटिव्हची गणिते अशी बेतलेली असतात की, त्या दोन रात्री घरी बसणे परवडत नाही. लोखंड्यांनी मिळवून दिलेली सुटी ज्यांना मिळाली, त्यांची ती गोड व्हावी म्हणून ज्यांना ती नाही ते गाडी हाकत आहेत.

अशा वेळी आमच्या समीक्षेला एकच प्रश्न सुचतो: या अनुभवावरची कादंबरी कधी येणार? इतरत्र ती आली आहे, हे खरे. चीनमध्ये वांग जिबिंग या जेवण पोचवणाऱ्या माणसाचा कवितासंग्रह २०२३ साली आला. त्याच वर्षी हू आन्यान याचे बीजिंगमधल्या पार्सलवाटपाच्या दिवसांवरचे पुस्तक आले. त्यात तो मिनिटामिनिटाची किंमत काढतो, अगदी लघवीला जाण्याचीसुद्धा. नंदिता दासने ‘ज्विगाटो’ हा हिंदी चित्रपट भुवनेश्वरच्या अशाच माणसावर केला. मराठीतही असे लेखन येईल आणि त्याचे स्वागतच होईल. पण कादंबरीची वाट पाहणे हा आमचा पळ काढण्याचा मार्ग आहे. तो माणूस कच्चा माल, कोणीतरी त्याची कलाकृती करावी आणि मग आम्ही तिच्यावर शोधनिबंध वाचावा, अशी ही वाटणी आहे. तिच्यात आमचा हिस्सा मात्र चोख ठरलेला आहे.

*

आमचा विद्यार्थी लिहीत नाही असे नाही. गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाने ऑर्डर मिळालीच नाही अशी तक्रार केली आणि याचा आयडी बंद झाला. आयडी बंद म्हणजे काम बंद; कामावरून काढले, असे कोणी म्हणतही नाही. बी.ए.ला ‘उपयोजित मराठी’च्या पत्रिकेत अर्जलेखन आम्हीच शिकवले होते. दिनांक, विषय, संदर्भ, ‘महोदय’ आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. त्याने तसाच अर्ज लिहायला घेतला आणि रात्री फोन केला: “सर, ‘प्रति’च्या पुढे काय लिहू?”

आम्ही सवयीने म्हणालो, “मा. व्यवस्थापक.” तो म्हणाला, “व्यवस्थापक नाहीये सर. कोणीच नाहीये. चार पर्याय येतात, त्यातला एक दाबायचा.” त्याने एक पर्याय दाबला. अकरा दिवसांनी आयडी सुरू झाला. का बंद झाला आणि का सुरू झाला, दोन्ही कळले नाही. अर्ज त्याच्या मोबाइलमध्ये तसाच आहे. भाषा शुद्ध आहे, मुद्देसूद आहे. त्याला आम्ही पूर्ण गुण दिले असते. फक्त ‘प्रति’ या शब्दापुढची ओळ कोरी आहे.

ही कोरी ओळ आम्हाला या सगळ्या व्यवस्थेचे मर्म वाटते. गिरणीला फाटक होते, फाटकावर सभा होत असे. मालकाला नाव होते, त्याचा निषेध करता येत असे. येथे फाटक नाही, साहेब नाही आणि म्हणून, असे आपल्याला सांगितले जाते की, मालकही नाही. सगळेच पार्टनर. पण वेग कोण मोजतो? मार्ग कोण दाखवतो? तारे देऊन माणसाची प्रत कोण लावतो आणि एका तक्रारीवर त्याची भाकरी कोण थांबवतो? ज्याच्या हाती एवढा ताबा आहे, त्याला मराठीत मालकच म्हणतात. २०२१ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांबाबत हेच सूत्र लावले: कागदावर नात्याचे नाव काय आहे, एवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे ते पाहायचे. न्यायालयाने चालकांना श्रमिकाचे हक्क दिले. शब्द आणि वस्तू यांतले अंतर मोजण्याचे हे काम खरे तर आमच्या शास्त्राचे आहे.

*

आता आमच्या घराकडे वळतो. ‘पार्टनर’ची थोरली भावंडे मराठीत आधीपासून नांदत आहेत आणि ती कोणा कंपनीने आणलेली नाहीत. महाराष्ट्रात २००० साली ‘शिक्षण सेवक’ आला. शिक्षकाचेच पूर्ण काम तीन वर्षे करायचे, पण शिक्षक म्हणवून घ्यायचे नाही आणि शिक्षकाचे वेतन मागायचे नाही. गावोगाव बाळंतपणे, लसीकरण, सर्वेक्षणे पार पाडणारी ‘आशा’ ही ‘स्वयंसेविका’. तिलाही कामागणिक मोबदला. अंगणवाडीतली बाई ‘सेविका’. या सर्वांना जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. काय सुंदर शब्द आहे! मान आधी, धन नंतर. मान दिल्यावर धन मागणे असभ्य ठरते, अशी सोय या समासातच केलेली आहे.

आमच्यातल्या दोघांनाही मानधनच मिळते. घेतलेल्या तासिकेचे पैसे. न झालेल्या तासिकेचे नाहीत. दिवाळीच्या सुटीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत. परीक्षा सुरू झाल्या की वर्ग नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच प्रमाणपत्रे. एका महाविद्यालयात वर्षभराचे मानधन वर्ष उलटल्यावर हातात पडले, हेही आम्ही अनुभवले आहे. विद्यार्थी पुण्यात ऑर्डरमागे पैसे घेतो, त्याचा सर परभणी जिल्ह्यात तासिकेमागे. फरक एवढाच की, त्याचे पैसे आठवड्याला येतात. हा विनोद त्यानेच केला होता आणि त्याला हसताना आम्हाला श्रम पडले.

त्या ओसरीतल्या आमच्या मौनाचे कारण हे आहे. ‘पार्टनर’ म्हणजे ज्याला ना हिस्सा ना हक्क असा मजूर, असे आम्ही मामांना सांगितले असते, तर त्यांचा दुसरा प्रश्न आम्हाला असता: “अन् सर, तुमी परमनंट का?”

आमच्यातल्या कायम प्राध्यापकाची अडचण वेगळी आणि अधिक लाजिरवाणी आहे. त्याच्या विभागाचा गाडा या दोघांच्या तासिकांवर चालतो. दोघांनी मानधनाला वेतन म्हणायला सुरुवात केली, तर त्याला कोणती तरी एक बाजू घ्यावी लागेल. गेली दहा वर्षे त्याने ती घेतलेली नाही. हे वाक्य त्यानेच येथे घालायला लावले आहे.

*

दोन आक्षेपांना उत्तर देऊन थांबू. पहिला: हे काम स्वखुशीचे आहे, मुलगा वाटेल तेव्हा मोबाइल बंद करून झोपू शकतो. झोपू शकतो, खरे आहे. पण मोटारसायकलचा हप्ता झोपत नाही. तासिका न घेण्याचे स्वातंत्र्य आम्हालाही आहेच. उपाशी राहण्याच्या मुभेला स्वातंत्र्य म्हणायचे असेल, तर शब्दकोश पुन्हा छापावे लागतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे काम नसते तर त्याने काय केले असते? तीन एकरांत सोयाबीन लावून भावाची वाट पाहिली असती. आम्हाला हे मान्य आहे. या कामाने त्याला चार वर्षे जगवले, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडू दिले. म्हणूनच ते काम जावे असे आम्ही म्हणत नाही. ते काम आहे, असे म्हणा, एवढेच मागतो. ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ हे वाक्य हक्क मागणाऱ्या प्रत्येक श्रमिकाने ऐकलेले आहे.

हक्क देण्याचा मार्ग अज्ञात नाही. ज्याचा एक ठरलेला मालक नाही त्या श्रमिकाचे काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्राने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सोडवायला घेतला. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत १९५५ ची. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. म्हणून कायद्याने मंडळ मध्ये आणले. मालकांनी नोंदणी करायची, हमालांनी नोंदणी करायची, मजुरी मंडळाकडे जमा करायची आणि तिच्यावर वेगळी लेव्ही भरायची. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार, रजा. या मंडळांचे दोष पुष्कळ आहेत. पण पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला कोणी पार्टनर म्हणाले नाही. त्याला कामगार म्हटले आणि त्याची किंमत वसूल केली. मोबाइलवर तर प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होते. मोंढ्यात जे कागद-पेन्सिलीने जमले, ते येथे अशक्य कसे?

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने या श्रमिकांची दखल घेतली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, श्रमिकांना देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची आहे. हे पाऊल पुढचेच. पण तिने केलेली व्याख्या वाचा: पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर काम करणारी व्यक्ती. म्हणजे कल्याण होईल, पण मालक सापडणार नाही. ‘प्रति’पुढची ओळ कायद्यानेही कोरीच ठेवली. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख श्रमिक होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदे केले. माथाडी कायद्याच्या महाराष्ट्राला यात पहिले होता आले नाही.

कायदा करणे आमच्या हातात नाही. वर्ग आणि प्रश्नपत्रिका मात्र काही अंशी आहेत. कामगार साहित्य शिकवताना १९८२ वर थांबायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. ‘मानधन’, ‘सेवक’ आणि ‘पार्टनर’ हे शब्द अर्थविचाराच्या घटकात उदाहरणे म्हणून घ्यायचे आणि विद्यार्थ्यांना हिस्सा, हिशेब व निर्णय या तीन कसोट्या लावायला सांगायचे. आणि येत्या जूनमध्ये विभागाच्या बैठकीत तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या रखडलेल्या पैशांचा विषय ‘वेतन’ हा शब्द वापरून लेखी मांडायचा. कायम असलेल्याने पहिली सही करायची. हा लेख वाचणाऱ्या सहकाऱ्यांनीही आपापल्या विभागात हेच करावे, एवढी अपेक्षा आहे.

ते स्थळ पुढे सरकले नाही. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला पूर्णेच्या स्टेशनवर सोडायला आम्ही गेलो होतो. गाडी यायची होती. तो म्हणाला, “सर, तुम्ही मामांना सांगायला पाहिजे होतं, पार्टनर नाही, कामगार आहे म्हणून. कामगार म्हटलं असतं तर त्यांनी पगार तरी विचारला असता.”